रंग वाळेपर्यंत

सासऱ्यांची शीळ बंद झाली, तेव्हा घरात कुणी फारशी चौकशी केली नाही. वय झालं, दात गेले, जुन्या सवयी सुटल्या, त्यातलीच ही एक, असं सगळ्यांनी धरून चाललं. सून तर त्या दिवसांत खुशीत होती. सासऱ्यांची नवी कवळी तिनं स्वतःच्या हातांनी केली होती.

तिचं कामच ते. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे लांबट खोली होती. खिडकीखाली टेबल, टेबलावर मेणाच्या पट्ट्या, एक छोटा दिवा, आणि फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई माणसाच्या तोंडाचा ठसा घ्यायच्या, मागच्या खोलीत ही त्या ठशावरून जबडा ओतायची, त्यावर मेण चढवायची आणि मेणात एकेक दात बसवायची. माणसं तिला क्वचितच दिसत, दिसायचे ते त्यांचे जबडे. पण हात असा बसला होता की डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "तुझ्या कामाला नाव ठेवायला जागा नसते, हेच एक त्यात वाईट आहे."

सासरे जन्मभर रंगारी. दुसऱ्यांच्या भिंती रंगवून रंगवून खांदे गेले, गुडघे गेले, आणि शेवटी दातही गेले. त्यांच्या पुढच्या दोन दातांत चांगली काडेपेटीची काडी आरपार जाईल एवढी फट होती. कवळी करताना सुनेनं ती बुजवली. एक दात थोडा वाकडा होता, तो सरळ केला. एवढी वर्षं शिड्या चढले, निदान दात तरी साहेबासारखे मिरवू देत, असं तिला वाटलं. कवळी बसवून झाल्यावर तिनं आरसा धरला. सासऱ्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हा कोण साहेब आला आमच्या घरी?"

सगळे हसले. सासरेही हसले. त्यानंतर त्यांची शीळ कुणाला ऐकू आली नाही.

मग एका रविवारी सकाळी रेडिओवाल्या बाई घरी आल्या. गावातल्या छोट्या रेडिओ केंद्रावर त्या गाण्यांचा कार्यक्रम करत. हातात पिशवी, पिशवीत एक लहानसं यंत्र. त्यांना सुट्टीची गाणी हवी होती, पण नेहमीची नकोत. समुद्र, डोंगर आणि आगगाडीची खिडकी यांना त्या कंटाळल्या होत्या. कधीकाळी कुणीतरी हौसेनं ध्वनिमुद्रित केलेली, दोनचारदा वाजलेली आणि मग विसरली गेलेली गाणी त्या धुंडाळत होत्या, आणि गाणी सापडली की गाणाऱ्यांना.

"एक न्हावी आहेत," त्या म्हणाल्या, "त्यांचं गाणं आहे, दुकान बंद असलेल्या दिवसाचं. ठेका कात्रीचा. एक लिफ्ट चालवणाऱ्या बाई आहेत, त्या सुट्टीच्या दिवशी दिवसभर तळमजल्यावर बसून राहतात, त्याचं गाणं आहे. आणि एक नवराबायको आहेत. ते सहलीला निघतात आणि कुलूप लावलं का ते बघायला दर कडव्याला परत येतात. गाणं संपतं तरी ते घराबाहेर पडलेले नसतात."

"कोण ऐकणार हो असली गाणी?" सासूबाईंनी विचारलं.

"ज्यांना सुट्टीत कुठं जाता आलं नाही ते सगळे. आणि तसे लोक पुष्कळ आहेत."

मग त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं आणि सासऱ्यांचं गाणं लावलं.

सुनेनं त्या गाण्याबद्दल ऐकलं होतं, गाणं कधी ऐकलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी सासरे एका शाळेच्या खोल्या रंगवत होते. एक खोली रंगवून झाली, रंग वाळेपर्यंत पुढचा हात देता येईना, म्हणून बादली पालथी घालून त्यावर बसले आणि शीळ घालू लागले. शाळेचे गाण्याचे मास्तर तिथून चालले होते. त्यांनी विचारलं, "काय चाललंय?" सासरे म्हणाले, "सुट्टी." "कसली?" "रंग वाळेपर्यंतची." मास्तर बराच वेळ दारात उभे राहून ऐकत होते. त्यातूनच पुढं ते गाणं झालं. त्याला शब्द असे नव्हतेच, एक ओरडा तेवढा होता. सासूबाई डबा द्यायला आल्या होत्या, त्यांनी पोरांना भिंतीपासून हटकलं, ते मास्तरांना इतकं आवडलं की ध्वनिमुद्रणाला त्यांनाही बोलावलं.

यंत्रातून आधी बादली सरकवल्याचा आवाज आला. मग शीळ. ती एकेरी नव्हती. वर एक बारीक, स्वच्छ सूर आणि त्याच्या खाली दुसरा, हवेसारखा, जणू एकजण शीळ घालतोय आणि दुसरा शेजारी बसून निवांत सुस्कारे सोडतोय. कसली म्हणून घाई नव्हती. सूर वर जायचा, तिथं जरा टेकायचा, मनात येईल तेव्हा खाली उतरायचा. मध्येच तरुण बाईचा खणखणीत आवाज यायचा, "हात लावू नका! रंग ओला आहे!" की शीळ दचकून थांबायची आणि पुन्हा, पहिल्यापेक्षा हळू, सुरू व्हायची.

सुनेनं हातातलं काम बाजूला ठेवलं. लग्न करून आल्यापासून तिनं ही शीळ रोज ऐकली होती, पण घरातली शीळ म्हणजे घरातला नळ. वाजत असतो, लक्ष जात नाही. आत्ता लक्ष गेलं.

"वाचनालयाच्या सभागृहात सगळ्यांना एकत्र बोलावतेय," रेडिओवाल्या बाई म्हणाल्या. "काका, तुम्ही यायचंच."

"नाही हो," सासरे म्हणाले. "आता दम राहिला नाही. आणि हौसही फिटली."

बोलताना ते कपाकडे बघत होते. कपात काही नव्हतं.

दोन दिवसांनी कातरदादा आले. तेच ते न्हावी. सासऱ्यांचे जुने मित्र, त्यांच्या दुकानाला कितीदा तरी सासऱ्यांनीच रंग दिलेला. मित्राला तयार करायला म्हणून आले होते, पण सासरे फिरायला गेले होते. सुनेनं चहा केला.

"दम राहिला नाही म्हणतो?" कातरदादा म्हणाले. "परवा आम्ही टेकडी चढलो. धापा मी टाकत होतो. तो नव्हे."

"मग का नाही म्हणतात?"

कातरदादांनी कप खाली ठेवला. आयुष्यभर ते माणसांच्या पाठीमागे उभं राहून, त्यांच्या डोक्यांशी बोललेले. समोरासमोर बोलायचं म्हणजे त्यांना जड जायचं. ते खिडकीकडे वळले आणि मग बोलले.

"सूनबाई, तुझं काम फार सुरेख आहे. मी तोंडदेखलं बोलत नाही. पण त्याची शीळ ओठांची नव्हती. फटीची होती. आणि ती फट राहिली नाही आता."

सुनेच्या कानशिलांना गरम लागलं.

"मला सांगितलं का नाही त्यांनी?"

"कसं सांगणार? तू इतक्या मायेनं केलेले दात. त्यात तो काय म्हणणार, भोक पाड म्हणून?"

कातरदादा गेल्यावर सून आतल्या खोलीत गेली. सासूबाई चादरींच्या घड्या घालत होत्या. सुनेनं चादरीची दुसरी टोकं धरली.

"आई, बाबांची शीळ का बंद झाली, तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नसायला काय झालं."

"मग मला बोलला नाहीत?"

"अगं, लग्न झाल्या दिवसापासून ऐकतेय. आंघोळीला शीळ, बूट घालताना शीळ, मी रागावले की दुप्पट शीळ. म्हटलं, म्हातारपणी जरा शांतता लाभतेय तर लाभू दे. आपण होऊन कोण घालवतं?" सासूबाईंनी चादर झटकली, घडी घातली, हातानं दाबून सपाट केली. मग जरा थांबून म्हणाल्या, "पहिले काही महिने बरं वाटलं. आता कधीकधी कळतच नाही, घरात कुठं आहेत ते. हाक मारावी लागते."

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या सुनेनं फळीवरून सासऱ्यांचा जुना जबडा उतरवला. दात काढण्यापूर्वी घेतलेल्या ठशाचा होता. तिनं फटीवरून बोट फिरवलं. तिला स्वतःचा राग आला आणि थोडा सासऱ्यांचाही. इतकी का परकी आहे मी, की साधं बोलता येऊ नये? डॉक्टरीणबाई काहीतरी न्यायला आत आल्या, तिच्या हातात जबडा बघून म्हणाल्या, "तेव्हाच विचारलं होतं मी, फट ठेवायची का."

"हो. आणि मी म्हणाले, कशाला."

संध्याकाळी सासरे मागच्या अंगणात ब्रश धूत बसले होते. काम सोडून बरीच वर्षं झाली होती, ब्रश कोरडेच होते, पण ते अधूनमधून धुवायचे. सून समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, कवळी काढून द्या."

"का? कुठं दुखत नाही मला."

"त्यात फट पाडायचीय."

सासऱ्यांनी तोंडावर हात धरला. "अजिबात नाही. कातरदाद्या बोलला ना? त्याची जीभ त्याच्या कात्रीपेक्षा जास्त चालते. या कवळीला मी कुणाला बोट लावू देणार नाही. तुझ्या हातची आहे ती."

"दुसरीही माझ्याच हातची असेल."

सासरे ब्रशाचे केस बोटांनी सरळ करत बसले. सूनही पायरीवर टेकली.

"तू आरसा धरून उभी होतीस," सासरे म्हणाले. "मी आरशात बघतच नव्हतो. तुझ्याकडे बघत होतो. परीक्षेचा निकाल लागल्यासारखा चेहरा झाला होता तुझा. म्हटलं, शीळ काय, आजवर घातली ती पुरे झाली."

"आणि मी खूश, तुम्ही गप्प, असंच चालवायचं होतं?"

"चाललं होतं की बरं."

"नव्हतं चाललं," सून म्हणाली. "आईंना तुम्हाला हाका मारत घरभर फिरावं लागतं."

सासऱ्यांनी वर पाहिलं. ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती.

नवी कवळी करायला घेतली, तेव्हा सुनेला वाटलं होतं, दोन दात जरा लांब बसवले की झालं. तसं झालं नाही. नवी कवळी आधी मेणातच होती. सासऱ्यांनी ती तोंडात बसवून फुंकर मारली, तर सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा आवाज आला. दातांमागचा भाग जाड झाला होता, जिभेला टेकायला जागाच नव्हती. तो पातळ करून, फट जरा रुंद करून, पक्की कवळी तयार झाली. आता शीळ आली, पण ती बोलण्यातही आली. एकही "स" शिळेवाचून बाहेर पडेना. "सूनबाई, साखर संपली," असं सासरे म्हणाले आणि शेजारचा कुत्रा कुंपणापाशी येऊन उभा राहिला. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. सासऱ्यांनी मुद्दाम आणखी दोन वाक्यं म्हटली. कुत्रा कुंपणाखालून आत आला.

सून हसली नाही. कवळी घेऊन ती परत गेली. फट थोडी आवळली, दोन्ही दातांच्या आतल्या कडा घासल्या. आता बोलणं नीट झालं आणि शीळही नीट झाली. सासऱ्यांनी अर्धं गाणं घालून दाखवलं.

"छान आहे," ते म्हणाले. "याहून काय हवं?"

पण तिच्या कानात यंत्रातलं गाणं बसलं होतं. हा सूर एकटा होता. खालचा, हवेसारखा, तो नव्हता. सासऱ्यांनाही ते कळलं होतं, हे त्यांच्या "छान"वरून तिला कळलं. आता ती ते "छान" ओळखायला शिकली होती.

तिनं पुन्हा जुना जबडा काढला. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा जे एका नजरेत खटकलं होतं, तेच आता ती शोधत होती. वाकडा दात. फट ठेवली तरी हातानं सवयीनं तो सरळच बसवला होता, तिला विचारलंही नव्हतं. तिनं दिवा पेटवला. कवळीतला तो दात सोडवून घेतला, त्या जागी मेण भरलं, आणि मेण मऊ असतानाच दात हळूच वळवला. हात नको म्हणत होता. इतकी वर्षं ती ज्याला चूक म्हणत आली, ती चूक बरोब्बर तेवढीच, तशीच करायची होती. कमी नाही, जास्त नाही. सगळं पक्कं होऊन हातात आलं, तेव्हा कवळीकडे बघून कुणी म्हणालं असतं, ही नवशिक्या हाताची आहे.

सासरे दवाखान्यातच आले. मागच्या खोलीत, प्लास्टरच्या जबड्यांसमोर स्टुलावर बसले, कवळी बसवली, जीभ दोनदा आतून फिरवली. मग डोळे मिटले.

दोन्ही सूर आले. वरचा आला आणि त्याच्याखाली तो सुस्कारा. सासऱ्यांनी डोळे उघडले नाहीत. सून टेबलाला टेकून उभी राहिली, आणि तिला पहिल्यांदाच नीट कळलं की हे गाणं मुळी वाट बघण्याचं नाहीच. रंग वाळेल तेव्हा वाळेल, त्याचं त्याला माहीत, असं म्हणणाऱ्या माणसाचं आहे. पुढच्या खोलीचं दार उघडलं. डॉक्टरीणबाई हातात आरसा घेऊन दारात उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे खुर्चीत एक गृहस्थ तोंड वासून ऐकत होते. अर्थात त्यांना ते मिटायची परवानगीच नव्हती.

कार्यक्रमाला सभागृह भरलं नाही, पण रिकामंही दिसत नव्हतं. लिफ्टवाल्या बाई गडद निळ्या गणवेशातच आल्या होत्या. त्यांचं गाणं एकाच सुरात चालायचं, वर नाही की खाली नाही, आणि शेवटच्या ओळीला त्या फक्त सुराची एक पायरी चढायच्या, तेवढ्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुलूपवाले नवराबायको खरोखरच उशिरा आले. का, ते कुणी विचारलं नाही. कातरदादांनी दोन्ही हातांत दोन कात्र्या घेतल्या. "वाढू दे रे, वाढू दे, आज केस वाढू दे," असं म्हणत त्यांनी असा ठेका धरला की पहिल्या रांगेतला एक टकलू गृहस्थ सगळ्यांत जोरात डोलत होता.

सासऱ्यांसाठी मंचावर पालथी बादली ठेवली होती. सासूबाईंना रेडिओवाल्या बाईंनी परोपरीनं सांगून पाहिलं, पण त्या वर जायला तयार झाल्या नाहीत. "मी काही गाणारी नाही. तेव्हाही नव्हते." मग असं ठरलं, की त्यांचं ओरडणं जुन्या गाण्यातलंच लावायचं.

सासरे बादलीवर बसले. शीळ सुरू झाली. सून मागच्या बाजूला नवऱ्याशेजारी बसली होती. नवरा कानाशी लागून म्हणाला, "हे असंच घालायचे, मी लहान असताना. मला वाटायचं सगळ्यांचे बाबा घालतात." सभागृहात खुर्च्यांची करकर थांबली. शीळ वर गेली, तिथं टेकली, आणि आता ओरडा येणार, तोच पहिल्या रांगेतून सासूबाई न राहवून ओरडल्या, "हात लावू नका! रंग ओला आहे!"

आणि लगेच पाठोपाठ यंत्रातून त्याच बाई, तरुणपणीच्या, "हात लावू नका! रंग ओला आहे!"

लोक खो खो हसले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. सासऱ्यांनी शीळ घालायचा प्रयत्न केला, पण हसणाऱ्या तोंडातून शीळ येत नाही. पुन्हा केला, पुन्हा हसू आलं. शेवटी त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले आणि नुसते बसून राहिले. लोकांचं हसणं हळूहळू निवलं. कुणी खोकलं. तरी ते बसलेच होते. आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही. मग त्यांनी अगदी हळू सुरुवात केली, पहिल्यापेक्षा कितीतरी हळू, आणि शेवटपर्यंत नेली.

घरी परतताना सासूबाईंनी अटी घातल्या. जेवणानंतर त्या पडतात तेवढा वेळ साहेबी कवळी. उरलेल्या दिवसभर दुसरी. सासऱ्यांनी मान्य केलं, आणि बरेचदा पाळलंही.

सुनेच्या कामात एक फरक पडला. आता कवळीचा साचा बंद करण्यापूर्वी ती पुढच्या खोलीत जाऊन त्या माणसाला एकदा भेटते आणि एकच गोष्ट विचारते: जेवण्याबोलण्याखेरीज तुम्ही दातांनी आणखी काय करता? पुष्कळजण म्हणतात, काही नाही. एका शिंप्यानं सांगितलं, दोरा तोडतो. एका गृहस्थांनी बराच विचार करून सांगितलं, पेन्सिल धरतो, लिहायचं काही नसलं तरी. परवा एक आजी आल्या होत्या. त्यांनी आधी सुनेकडे निरखून पाहिलं, मग नवरा बाहेरच बसलाय ना, याची खात्री करून घेतली.

"मी रागावले की दात वाजवते," त्या म्हणाल्या. "बोलत काही नाही. नुसते वाजवते. घरात सगळ्यांना कळतं."

"मोठ्यानं?"

"दुसऱ्या खोलीत ऐकू जायला हवेत."

"जातील," सून म्हणाली आणि आत येऊन तिनं मेण तापायला ठेवलं.